जीएसआर पॉझिटिव्ह म्हणजे नक्की काय?

परवा रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. वकिलीत नवीन आहे तो, एका सीनियरच्या हाताखाली फौजदारी केसेस बघतो. हॅलो वगैरे काही नाही, थेट मुद्द्यावर. "ताई, तू त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करायचीस ना, मग मला एक सांग, लॅबच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की आरोपीच्या उजव्या हातावर जीएसआर मिळालं, म्हणजे आता संपलंच ना सगळं?"

मी विचारलं, कण किती मिळाले? म्हणाला, ते आत कुठेतरी असेल, बघावं लागेल. हाताचं सॅम्पल गोळीबारानंतर किती तासांनी घेतलं? तेही बघावं लागेल. पोलिसांच्या गाडीत बसवायच्या आधी घेतलं की नंतर? यावर तो गप्पच झाला, आणि मग म्हणाला की असं कोणी विचारतच नाही गं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे एवढंच सगळे बघतात.

हेच मला खुपतं, आणि म्हणून आज हे सविस्तर लिहायला बसले. जीएसआर म्हणजे गनशॉट रेसिड्यू, बातम्यांमध्ये "हातावर बंदुकीच्या दारूचे अंश सापडले" असं येतं, आणि तेवढ्या एका वाक्यावर लोक निकाल देऊन मोकळे होतात. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ना, अगदी तसं. कोणाच्या तरी आयुष्याची दहा-वीस वर्षं त्या सुताला लटकलेली असतात, त्यामुळे ते सूत काय जातीचं आहे आणि किती वजन पेलतं हे तरी आपल्याला माहीत पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे हल्ली जी मुख्य टेस्ट होते ती बंदुकीच्या दारूची नसतेच. काडतुसाच्या बुडाशी एक बारीक टोपी असते, प्रायमर म्हणतात तिला. चाप ओढला की फायरिंग पिन त्या टोपीवर आदळते, टोपीतलं मिश्रण पेटतं आणि त्याच्या ठिणगीने आतली दारू पेटते. या मिश्रणात साधारणपणे तीन गोष्टी असतात, लेड स्टिफनेट जे झटक्याने स्फोट पावतं, बेरियम नायट्रेट जे ऑक्सिजन पुरवतं आणि अँटिमनी सल्फाइड जे इंधनाचं काम करतं. म्हणजे शिसं, बेरियम, अँटिमनी. क्षणभरात प्रचंड तापमान आणि दाब तयार होतो, धातूंची वाफ होते, आणि ती तितक्याच झटक्यात थंड होऊन तिचे बारीक थेंब गोठतात. म्हणून हे कण बहुतेक वेळा गोल किंवा गोलसर असतात, जणू वितळून गोठलेले मणी. आकार साधारण अर्धा ते दहा मायक्रॉन. माणसाचा केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाड धरला तर अंदाज येईल. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमागच्या-पुढच्या फटींतून, पिस्तुलातून रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून, नळीच्या तोंडातून, सगळीकडून हा धूर बाहेर येतो आणि झाडणाऱ्याच्या हातावर, बाहीवर, तोंडावर बसतो. आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसावरही बसतो, हे लगेच लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी गंमत नाही, सगळी शोकांतिका तिथूनच सुरू होते.

सॅम्पल घ्यायची पद्धत दिसायला फार साधी. अर्ध्या इंचाचा अॅल्युमिनियमचा एक छोटा स्टब असतो, त्याच्या डोक्यावर काळी कार्बनची चिकट टेप. तो हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात, तळव्यावर टप टप टप दाबत जायचं, चिकटपणा संपेपर्यंत. मग तो स्टब इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये जातो. जड धातू तिथे स्क्रीनवर उजळ दिसतात आणि बाकी त्वचेचे पापुद्रे, धूळ, धागे काळपट. मशीन तासन्‌तास स्वतःच शोधत बसतं, उजळ ठिपका दिसला की त्यावर बीम रोखतं आणि त्यातून निघणाऱ्या एक्स-रेवरून आत कुठले धातू आहेत ते सांगतं. मग एका माणसाने बसून प्रत्येक ठिपका परत स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचा असतो. हा शेवटचा टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याचं कारण सांगते.

मी फॉरेन्सिकवाली नाही, हे आधीच स्पष्ट करते. मी मटेरियल्सच्या लॅबमध्ये होते आणि आमच्याकडे घासून झिजणाऱ्या वस्तूंचं काम चालायचं, त्यात काही महिने गाड्यांच्या ब्रेक पॅडची धूळ माझ्याकडे होती. एका संध्याकाळी स्क्रीनवर असाच एक मणी आला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढराशुभ्र, चार मायक्रॉनचा, जवळजवळ गोल. बीम रोखला तर एक पीक, म्हणजे एक्स-रेच्या आलेखातला उंचवटा, ३.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, अँटिमनी. एक ४.५ च्या आसपास, बेरियम. आणि एक जाडजूड २.३ ला, ज्यावर सॉफ्टवेअरने आपणहून लेबल लावलं, शिसं. मी त्याच आठवड्यात जीएसआरबद्दल वाचलेलं होतं, त्यामुळे माझ्या अंगावर काटा आला. तीनही धातू, गोल कण, आणि हा तर ब्रेकमधून आलाय!

आमच्या मॅडम शेजारच्या टेबलावर होत्या, त्या आल्या, स्पेक्ट्रम, म्हणजे तो आलेख, बघितला आणि म्हणाल्या, "अगं, दहाच्या पुढे बघ आधी." मी बीम १० किलोव्होल्टवर ठेवला होता, आणि शिशाची दुसरी ओळखीची रेषा असते १०.५ ला, ती त्या व्होल्टेजवर उमटणारच नव्हती. त्यांनी व्होल्टेज २५ वर नेला, परत स्पेक्ट्रम घ्यायला लावला. १०.५ ला काही नाही, सपाट. म्हणजे २.३ ला जे दिसत होतं ते शिसं नव्हतंच, ते गंधक होतं. बेरियम सल्फेट ब्रेक पॅडमध्ये भरणी म्हणून घालतात, त्यातलं गंधक. गंधकाची आणि शिशाची रेषा त्या जागी इतकी चिकटून असते की मशीनलाही त्यांना वेगळं करणं अवघड जातं. बेरियमच्या बाबतीत असाच घोटाळा टायटॅनियमशी होतो. आणि मी नीट बघितलं असतं तर त्या कणात लोखंड आणि तांबंही भरपूर होतं, जे ब्रेकचं लक्षण आहे, पण माझी नजर तिथे गेलीच नाही कारण मला जे दिसायला हवं होतं ते आधीच दिसलेलं होतं.

माझी चूक लॅबच्या वहीतच राहिली, तिच्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. पण ती संध्याकाळ मी विसरत नाही. रात्रीपर्यंत स्टब बघून थकलेल्या, वरून तपास अधिकाऱ्याने "हाच माणूस आहे, फक्त रिपोर्ट पाहिजे" असं सांगितलेल्या एखाद्या तपासनीसाच्या बाबतीत हेच झालं तर?

आणि ब्रेकचा मुद्दा फक्त माझ्या चुकीपुरता नाही. २००२ साली इटलीतल्या संशोधकांनी ब्रेक लायनिंगमधून आलेले असे कण दाखवले ज्यांच्यात शिसं, बेरियम आणि अँटिमनी हे तिन्ही खरोखरच होते. फटाक्यांमध्ये बेरियम असतं (हिरवा रंग त्यानेच येतो), अँटिमनीची संयुगं असतात, त्यांचेही काही कण प्रायमरच्या कणांच्या फार जवळ जातात. बांधकामात खिळे ठोकायची जी काडतुसाची गन असते तिच्यात तर प्रायमरच असतो, तिथून दुसरं काय निघणार. अनुभवी माणूस यातलं पुष्कळसं वेगळं काढू शकतो, सोबतचे धातू बघून, आकार बघून, आणि मुख्य म्हणजे एकटा कण न बघता सगळा समूह बघून. फटाक्याच्या कणांसोबत मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्लोरीन सापडतं, ब्रेकसोबत लोखंड. पण समूह असेल तर ना. कणच एक किंवा दोन असतील तर समूह कुठून आणायचा?

म्हणूनच या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःची भाषा बदलली, आणि हे मला त्यांच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. पूर्वी तिन्ही धातू असलेल्या कणाला 'युनिक' म्हणायचे, म्हणजे बंदुकीशिवाय दुसरीकडून येऊच शकत नाही असा. आता एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जे ई १५८८ नावाचं स्टँडर्ड जगभर वापरतात त्यात शब्द आहे 'कॅरॅक्टरिस्टिक', म्हणजे गोळीबाराची खूण म्हणता येईल असा, पण त्याचाच असं नाही. आणि दोनच धातू असतील तर 'कन्सिस्टंट', जुळण्यासारखा, बस. या तीन शब्दांमध्ये केवढं अंतर आहे ते बघा. आणि कोर्टातून बातमीत येईपर्यंत तिन्हींचं एकच होतं, "पॉझिटिव्ह".

या टेस्टचा इतिहास वाचला की आणखी अस्वस्थ व्हायला होतं. १९३३ च्या सुमारास मेक्सिकोच्या पोलीस लॅबमधून पॅराफिन टेस्ट अमेरिकेत आली. हातावर वितळलेलं मेण ओतायचं, थंड झालं की साच्यासारखं सोलून काढायचं आणि आतल्या बाजूला डायफिनाइलअमाइनचं अॅसिडमधलं द्रावण टाकायचं, निळे ठिपके आले की झाला पॉझिटिव्ह. अडचण अशी की ते द्रावण निळं होतं नायट्रेटमुळे, आणि नायट्रेट खतात असतं, तंबाखूत असतं, लघवीत असतं. शेतात काम करून आलेला, नुकतीच सिगारेट ओढलेला, कोणीही पॉझिटिव्ह. तरी ही टेस्ट तीस वर्षं चालली.

१९६३ साली डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या खुनानंतर त्या खुनाचा आरोप असलेल्या ली हार्वी ऑस्वाल्डवर हीच टेस्ट झाली. हात पॉझिटिव्ह, उजवा गाल निगेटिव्ह. लोक अजूनही यावर भांडतात, गाल निगेटिव्ह म्हणजे त्याने रायफल चालवलीच नाही वगैरे. पण त्या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन कमिशनच्या अहवालात एफबीआयच्या प्रयोगांचे आकडे आहेत ते या भांडणात कोणी वाचलेले दिसत नाहीत. १७ माणसांनी रिव्हॉल्व्हरमधून प्रत्येकी पाच गोळ्या झाडल्या आणि लगेच त्यांची टेस्ट केली. आठ जणांचे दोन्ही हात निगेटिव्ह. तिघांचा गोळी झाडणारा हात निगेटिव्ह आणि रिकामा हात पॉझिटिव्ह! दोघांचा फक्त झाडणारा हात पॉझिटिव्ह, चौघांचे दोन्ही. दुसऱ्या प्रयोगात २९ माणसं, त्यातल्या फक्त नऊ जणांनी गोळी झाडलेली आणि वीस जणांनी बंदूक चालवलेलीच नाही. त्या २९ च्या २९ जणांचा एक तरी हात पॉझिटिव्ह निघाला. म्हणजे ऑस्वाल्डच्या हाताचा पॉझिटिव्ह आणि गालाचा निगेटिव्ह, दोन्हींना काहीच अर्थ नव्हता, ना त्याच्या बाजूने ना विरुद्ध. अशा टेस्टवर त्याआधी तीस वर्षं किती जणांना शिक्षा झाल्या असतील याचा हिशोब कुठेच नाही.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची गोष्ट बंदुकीची नाही, स्फोटकांची आहे, पण घराणं तेच. नोव्हेंबर १९७४ मध्ये तिथल्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली. त्याच रात्री बोटीने बेलफास्टला निघालेल्या काही आयरिश माणसांना पकडलं आणि त्यांच्या हातांवर 'ग्रीस' नावाची, रंग बदलण्यावर चालणारी टेस्ट केली, नायट्रोग्लिसरीन या स्फोटकासाठी. काहींचे हात पॉझिटिव्ह आले आणि कोर्टात तपासनीसाने सांगितलं की मला ९९ टक्के खात्री आहे. ही माणसं ट्रेनमध्ये पत्ते खेळत आली होती. पत्त्यांवरच्या चकचकीत लेपात नायट्रोसेल्युलोज असतं आणि तेवढ्यानेही ती टेस्ट रंग दाखवू शकते हे नंतर सिद्ध झालं. सहा जणांना जन्मठेप झाली होती, आणि ते सुटले मार्च १९९१ मध्ये, सोळा वर्षांनी. त्या केसमध्ये पोलिसांनी घेतलेल्या जबान्याही खोट्या होत्या, सगळा दोष केमिस्ट्रीवर टाकता येणार नाही, पण त्या ९९ टक्क्यांनी ज्युरीच्या मनातली शंका धुऊन टाकली असणार असं मला वाटतं.

मग आताची टेस्ट विश्वासाची आहे की नाही? माझं स्पष्ट मत असं, आणि हेच मी भावाला फोनवर सांगायचा प्रयत्न करत होते. कण कशाचा आहे हे सांगण्यात आजचं मशीन, नीट वापरलं तर, उत्तम आहे. पॅराफिनशी तुलनाच नको. पण कोर्टाला कण कशाचा आहे हे नको असतं, त्यांना हवं असतं या माणसाने गोळी झाडली का. आणि या दोन प्रश्नांच्या मध्ये जी जागा आहे तिथे मशीनला काहीही दिसत नाही. तिथे फक्त कोण कुठे उभं होतं, कशाला हात लागला, किती वेळ गेला, कोणी कोणाला धरलं हे असतं.

वेळेचं बघा. हातावरचे हे कण चिकटलेले नसतात, नुसते बसलेले असतात. खिशात हात घातला, केसांतून फिरवला, कपाळ पुसलं, की गळतात. जिवंत, हालचाल करणाऱ्या माणसाच्या हातावरून चार ते सहा तासांत बहुतेक सगळे निघून जातात, आणि साबणाने हात धुतले तर लगेच. म्हणून बऱ्याच लॅब काही तासांच्या पुढचं हाताचं सॅम्पल घेतच नाहीत. कपड्यांवर जास्त टिकतात. मृताच्या हातावरही, कारण तो हात हलत नाही, आणि म्हणून तिथे हातांवर कागदी पिशव्या बांधतात, प्लॅस्टिकच्या नाही, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. तरीसुद्धा स्वतःवर गोळी झाडून घेतलेल्या माणसांचे हात निगेटिव्ह येण्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे हात निगेटिव्ह आला म्हणजे आत्महत्या नव्हे, खूनच, असं जे लोक छातीठोकपणे लिहितात ना, त्यांनी कृपा करून थांबावं. ज्या घरात माणूस गेलाय त्या घरातले लोक ते वाचत असतात.

आता एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याचं बघा. गोळी झाडलेल्याशी हात मिळवला तर कण दुसऱ्या हातावर जातात, प्रयोगांमध्ये हे दिसलंय, आणि तिथून तिसऱ्यावरही. जखमीला उचलायला धावलेल्या माणसावर जाऊ शकतात. आणि ज्यांच्या कमरेला रोज पिस्तूल असतं, जे रेंजवर सराव करून येतात, तेच लोक संशयिताचे हात धरतात, बेड्या घालतात, त्याला गाडीत कोंबतात. शिकागोमध्ये पोलिसांच्या गाड्या आणि ठाण्यांमधून सॅम्पल घेऊन केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हा धोका तसा कमी असल्याचं दिसलं, आणि हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मीही एकाच बाजूचं बोलतेय असं होईल. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि एका ठिकाणच्या गाड्या स्वच्छ होत्या म्हणून दुसऱ्या ठिकाणच्याही असतील असं नाही, त्या त्या गाडीचा स्टब घेऊनच बघावं लागतं. एफबीआयच्या लॅबने तर २००६ मध्ये ही टेस्ट करणंच बंद केलं. त्यांनी कारण दिलं की मागणी घटलीय आणि माणसं दुसऱ्या कामाला हवीत, पण त्यांच्या स्वतःच्या लॅबच्या काही भागांत असे कण पडलेले सापडल्याचंही त्याच सुमारास बाहेर आलं होतं.

यात दारूगोळ्याचे प्रकार आणखी गुंता करतात. .२२ बोअरच्या बऱ्याच काडतुसांत अँटिमनी नसतंच, म्हणजे खरोखर झाडली तरी तीन धातूंचा कण मिळणार नाही. बंदिस्त रेंजवर शिशाचा धूर नको म्हणून जर्मनीत सिंटॉक्स नावाचा प्रायमर निघाला, त्यात टायटॅनियम आणि जस्त. आता टायटॅनियम पांढऱ्या रंगात असतं, जस्त मलमात असतं, घराघरात दोन्ही सापडतात, त्यामुळे शिसं गेल्याने रेंजवरच्या माणसाची फुप्फुसं वाचली पण तपासनीसाचं काम अवघड झालं. जर्मन पोलिसांच्या काही काडतुसांत म्हणून मुद्दाम गॅडोलिनियम घालतात, जे इकडेतिकडे सहसा सापडत नाही, म्हणजे ही गोळी पोलिसांची की दुसऱ्याची हे तरी कळावं. मला ही कल्पना फार आवडली. आणि नळीत आधीच्या काडतुसांचे कण साचून राहतात ते पुढच्या गोळीबरोबर बाहेर पडतात, हा आणखी एक घोळ.

एक गोष्ट मात्र या टेस्टच्या बाजूने ठामपणे सांगायची आहे कारण तिच्याकडे कोणी बघतच नाही. हातापेक्षा मृताच्या कपड्यांवरचा अवशेष कितीतरी जास्त बोलतो. भोकाभोवती कण किती दूर पसरलेत यावरून गोळी साधारण किती अंतरावरून झाडली याचा अंदाज काढता येतो. त्यासाठी तीच बंदूक, तशीच काडतुसं घेऊन वेगवेगळ्या अंतरावरून कापडावर गोळ्या झाडायच्या आणि ठसे जुळवायचे. शिशासाठी सोडियम रोडिझोनेट फवारतात, कापडावर गुलाबी डाग उमटतात आणि सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिड मारलं की ते निळे-जांभळे होतात, म्हणजे शिसंच. मी याचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा बराच वेळ बघत राहिले, पांढऱ्या सुती कापडावर एका काळ्या भोकाभोवती जांभळं वर्तुळ. झटापटीत गोळी सुटली की समोरून नेम धरून मारली, अशा वादात हे वर्तुळ खरंच निकाल लावू शकतं. कपडे मात्र जपून वाळवून, वेगवेगळे गुंडाळून पाठवलेले असले पाहिजेत, रक्ताने भिजलेला शर्ट तसाच घडी घालून पिशवीत कोंबला की ते वर्तुळ गेलं.

आता ज्या केसमुळे मी या विषयात गुंतले ती सांगते. २६ एप्रिल १९९९, लंडन. बीबीसीची निवेदिका जिल डँडो हिला तिच्या घराच्या दारातच कोणीतरी डोक्यात एक गोळी घालून मारलं. वर्षभर काही हाती लागेना. मग बॅरी जॉर्ज नावाच्या जवळच राहणाऱ्या माणसाच्या घरातून पोलिसांनी एक कोट जप्त केला, खुनानंतर जवळजवळ एका वर्षाने. त्या कोटाच्या आतल्या खिशात एक कण सापडला. एक. आकार साडेअकरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणा. आणि तो कोट लॅबला जाण्याआधी फोटो काढायला पोलिसांच्या स्टुडिओत नेलेला होता.

जुलै २००१ मध्ये त्याला जन्मठेप झाली. इतरही पुरावा होता, ओळख पटवणाऱ्या साक्षी वगैरे, पण तो कच्चा होता, आणि त्या कणाने त्या सगळ्याला टेकू दिला. २००२ मध्ये अपील फेटाळलं गेलं.

मग पुढे काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटनच्या फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिसमध्ये या पुराव्याकडे परत बघितलं गेलं, आणि प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला गेला. समजा यानेच गोळी झाडली, तर वर्षाने त्याच्या खिशात असा एक कण सापडण्याची शक्यता किती? फार कमी, शंभरात एक धरा. आणि समजा याने झाडली नाही, तर कुठून तरी येऊन असा एक कण सापडण्याची शक्यता किती? तीही शंभरात एक. दोन्हीकडे तेच. म्हणजे तराजूत तो कण टाकला तर काटा कुठेच हलत नाही. पहिल्या खटल्यात ज्युरीला यातला दुसरा आकडा जणू दिसला आणि पहिला दिसलाच नाही, त्यांना वाटलं निर्दोष माणसाच्या खिशात हा कण येणं किती दुर्मिळ, मग हाच असणार. दोषी माणसाच्या खिशात वर्षाने एकच कण उरणंही तितकंच दुर्मिळ आहे हे त्यांच्यापुढे सरळ शब्दांत कोणी ठेवलंच नाही.

नोव्हेंबर २००७ मध्ये अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली. फेरखटल्यात तो कण ज्युरीपुढे आणूच दिला नाही, आणि ऑगस्ट २००८ मध्ये बॅरी जॉर्ज निर्दोष सुटला. अटकेपासून आठ वर्षांहून जास्त काळ आत होता. त्या आठ वर्षांत कण तोच होता, मशीनने दिलेला स्पेक्ट्रम तोच होता, कोणी लॅबमध्ये काही चुकीचं मोजलेलं नव्हतं. आणि जिल डँडोला कोणी मारलं ते कळलेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतो आपण, यात त्या मेलेल्या बाईवरही अन्याय असतो हे त्या म्हणीत येत नाही.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं, तासभर तरी गेला असेल. काल त्याचा परत फोन आला, रिपोर्ट नीट वाचून. तिन्ही धातूंचे दोन कण, उजव्या हाताच्या पाठीवर. डाव्या हातावर काही नाही. सॅम्पल घटनेनंतर सव्वापाच तासांनी, ठाण्यात घेतलेलं, गाडीतून नेल्यानंतर. गाडीच्या सीटचा स्टब घेतल्याची नोंद नाही. ज्या हवालदाराने हात धरून आणलं आणि ज्याने सॅम्पल घेतलं तो एकच माणूस, आणि त्या दिवशी तो ड्युटीवर पिस्तूल घेऊन होता.

"याचा अर्थ आमच्या माणसाने झाडली नाही असा होतो का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही रे, तसाही होत नाही. कदाचित झाडलीही असेल. पण हे तुला या दोन कणांवरून कळणार नाही आणि जजसाहेबांनाही कळणार नाही, एवढंच तुला तिथे उभं राहून सांगायचंय. मग उलटतपासणीचे प्रश्न लिहायला बसलो, तो तिकडे वही घेऊन आणि मी इकडे फोन स्पीकरवर टाकून. पहिला प्रश्न मी सांगितला, त्याने जसाच्या तसा उतरवून घेतला: आरोपीचे हात तपासण्याआधी तुम्ही स्वतःच्या हातांचा स्टब घेतला होता का?